लाल दिवा बिघडला नव्हता

मी फ्लिप-फ्लॉप बोलतोय. चादरी धुण्याच्या एका कारखान्यात, मोठ्या मशीनपासून दहा पावलांवर, भिंतीला एक करडी पेटी ठोकलेली आहे. तिच्यात नखाएवढी काळी चिप दिसेल, ती मी. दिसायला झुरळाच्या पिल्लासारखा, पण माझ्या शब्दाशिवाय ते मशीन जागचं हलत नाही.

माझं काम एकच: एक गोष्ट लक्षात ठेवणं. दारावरची घंटा पाहा. बोट काढलं की तिचं सगळं संपलं. माझं तसं नाही. माझ्या पोटात दोन गेट आहेत, म्हणजे फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणारी दोन इवली सर्किटं, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानात जातं. पहिला ‘हो’ म्हणाला की दुसऱ्याला ‘नाही’ म्हणावंच लागतं, आणि दुसरा ‘नाही’ म्हणतोय तोवर पहिल्याचं ‘हो’ टिकून राहतं. अशी दोघं एकमेकांना धरून बसतात. सांगणारा निघून गेला तरी सांगितलेलं राहतं.

सांगणाऱ्या तारा दोन. एक मशीनच्या दारातून येते. दार उघडलं की ती ‘थांब’ म्हणते. दुसरी पेटीवरच्या बटणातून येते, ती म्हणते ‘चल’. दार पुन्हा लागलं तरी मी ‘थांब’ सोडत नाही. कोणीतरी दहा पावलं चालत यायचं, बटण दाबायचं, मगच ड्रम फिरणार. कारण दार चुकून लागू शकतं. चुकून चालत येऊन कोणी बटण दाबत नाही. मी ‘थांब’ धरलं की पेटीवर लाल दिवा, ‘चल’ धरलं की हिरवा. एक ना एक पेटलेला असतोच.

मला बसवणाऱ्या कारागिरानं मालकाला बजावलं होतं, “दोन्ही तारा एकदम चालू ठेवू नका. याचं डोकं फिरतं.” मालकानं मान डोलावली आणि त्याला चहा हवा का ते विचारलं.

मशीन चालवतात त्या वहिनी. त्यांचा धाकटा दीर इथला मेकॅनिक, तो वहिनी म्हणतो म्हणून मालकापासून सगळेच म्हणतात. कामाला वाघ. दिवसाला चाळीस वेळा चादरी भरायच्या, चाळीस वेळा दार लावायचं, चाळीस वेळा माझ्यापर्यंत यायचं. गुडघे बोलायला लागले तेव्हा दुसऱ्या पाळीच्या बाईनं युक्ती शिकवली. साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडायचा आणि बटण दाबून फटीत खुपसायचा. बटण दबलेलंच राहतं. दार लावलं की ड्रम आपोआप सुरू.

वहिनींना सोयीचं झालं. माझे हाल सुरू झाले. दार उघडं असलं की एका कानात ‘थांब’, दुसऱ्या कानात ‘चल’. दोन्ही गेट ‘नाही’ म्हणायला लागले. ड्रम थांबायचा खरा, पण लाल दिवाही विझलेला आणि हिरवाही.

“भाऊजी, लाल दिवा गेलाय वाटतं,” वहिनी म्हणाल्या.

“बदलू कधीतरी,” भाऊजी म्हणाले. कधीतरी म्हणजे कधीच नाही, हे मला एव्हाना कळलं होतं.

त्या दुपारी ड्रम खडखडायला लागला. जाळीच्या भोकात काहीतरी अडकलं होतं. भाऊजींनी दार उघडलं, आत शिरले आणि पाय पोटाशी घेऊन बसले. मला घाम फुटायची सोय नाही, नाहीतर फुटला असता. त्यांचा जीव आता दाराच्या तारेवर होता. ते दार लागलं की मी मोकळा आणि ड्रम चालू.

“वहिनी, पकड द्या हो. पिनच आहे, पण हट्टी आहे.”

वहिनी पकड घ्यायला फळीकडे आल्या. फळी माझ्या शेजारीच. हात वर गेला आणि तिथेच थांबला. त्यांची नजर दोन विझलेल्या दिव्यांवर होती. मग पुठ्ठ्यावर गेली. चेहरा पांढराफटक पडला.

“भाऊजी, बाहेर या! आधी बाहेर या!”

“आलो, एवढी निघतेय बघा...”

त्याच वेळी लंबू, आमचा ट्रॉलीवाला, ओल्या चादरींची ट्रॉली ढकलत आला. ढीग त्याच्या डोक्याच्या वर, पुढचं काही दिसत नव्हतं.

“लंबू, थांब!”

ट्रॉली दारावर आदळली. वहिनींनी पुठ्ठा उपटला. दार धाडकन लागलं.

दोन्ही तारा एकाच क्षणी गप्प झाल्या.

यापुढे काय झालं ते फक्त मला माहीत आहे. दोन्ही गेट एकदम मोकळे झाले आणि दोघंही ‘हो’ म्हणायला निघाले. दोघांनी एकमेकांना ऐकलं, दोघं अडखळले. मी ना इकडे, ना तिकडे. हो नाही आणि नाही नाही. दोन्ही दिवे मिणमिणले. ड्रमच्या मोटारीचा रिले, म्हणजे तिला वीज जोडणारा खटका, थरथरला, पण चिकटला नाही. मला ‘थांब’ म्हणायचं होतं, जीव तोडून म्हणायचं होतं. पण आत माणूस आहे हे मला कुठल्याच तारेनं सांगितलेलं नव्हतं, आणि माझी इच्छा कोणत्याच गेटमधून जात नाही. मी फार घाबरलो होतो.

मग मी एका बाजूला पडलो. लाल दिवा लागला.

वहिनींनी धावत जाऊन दार ओढलं. भाऊजी बाहेर आले, हातात केसांची पिन, तोंडावर हसू. वहिनींना पाहिलं आणि हसू गेलं. “पुठ्ठा मी लावला होता,” वहिनी म्हणाल्या आणि खाली बसल्या. भाऊजींनी लाल दिव्याकडे पाहिलं. “आणि मी दिवा गेला समजलो. उघडून बघितलंही नाही.”

मालक मात्र खूश. “बघा, आत माणूस आहे हे मशीनला कळलं! शहाणं आहे.” दुसऱ्या दिवशी लंबूनं पेटीला हात जोडले. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी कोणालाही वाचवलेलं नाही. केसभर फरकानं मी दुसऱ्या बाजूलाही पडलो असतो, आणि दिवा तितक्याच थाटात हिरवा लागला असता.

वहिनींनी हात जोडले नाहीत. त्यांना कळलं होतं. तेव्हापासून कोणी ड्रममध्ये शिरणार असलं की त्या आधी विजेच्या मुख्य स्विचचा दांडा खाली ओढतात, त्याला कुलूप घालतात आणि किल्ली आत जाणाऱ्याच्या हातात देतात. वीज गेली की माझ्यापाशी काहीच उरत नाही, ना ‘थांब’, ना ‘चल’. एवढी कहाणी मग कशी आठवली म्हणाल, तर बोलणाऱ्या वस्तूला तेवढी सूट द्या.

आज ड्रम पुन्हा खडखडला, म्हणून दार उघडून तो थांबवलाय. भाऊजी बाह्या सरसावून दारापाशी उभे आहेत. वहिनींचा हात दांड्यावर आहे, आणि त्या क्षणभर माझ्या लाल दिव्याकडे बघतायत. दिवा अगदी नीट पेटलाय.

त्यावर विसंबू नका, वहिनी. ओढा दांडा.