कोपराखालचा हात

"आखो जरासं खाले, भाऊ," कुंदाबाई म्हणाली. "मॅडम कोपरले हात लावेत."

रुपचंदने हात खाली सरकवला. साक्रीच्या पुढे डोंगरालगत कुंदाबाईचा पाडा. तिच्या ओट्यावर तो मांडी घालून बसला होता. समोर तिचा अकरा वर्षांचा बादल, आणि मध्ये भाकरी-डाळीचं ताट. डाळीवर साय धरली होती.

रुपचंदची बायको सुनिता विशेष शिक्षिका होती. ज्या मुलांना शाळेत जाता येत नाही, त्यांना घरी जाऊन शिकवायची. दोन महिन्यांपूर्वी ती वारली. तिचा मोबाइल त्याने चालू ठेवला होता. परवा त्यावर कुंदाबाईचा फोन आला. मॅडम येत का नाहीत? पोरगा हाताने जेवत नाही, मी मजुरीला जाऊ कशी? रुपचंदने खरं ते सांगितलं. मग ती म्हणाली, "मंग तुम्ही तरी या."

धुळ्याच्या एसटी वर्कशॉपात जन्म गेलेला माणूस. त्याला यातलं काय कळणार? पण सुनिताची वही त्याच्याकडे होती, म्हणून आला.

जळगावला ती विशेष बी.एड. करत होती तेव्हा परीक्षेआधी तोच वही धरून तिला प्रश्न विचारायचा. मधेच चिडवायचा, "एवढं शिकून करणार काय? लोकांच्या पोरांना जेवू घालणार?"

"जेवू घालायला कशाला शिकावं लागतं हो? न घालायला शिकतेय मी."

तिच्या बरोबरची एक मूकबधिर शाळेत कायम झाली, एक पुण्याच्या दवाखान्यात लागली. सुनिता सोळा वर्षं कंत्राटावर पाडे फिरत राहिली.

वहीत एका घासाच्या सहा पायऱ्या लिहिल्या होत्या. बादलला सहाही यायच्या. फक्त कोपराखाली तिची दोन बोटं लागायची. "पुढच्या आठवड्यापासून बोटं काढायची," असं एका पानावर होतं. पुढच्या पानावर तेच. सात आठवडे तेच वाक्य. नियम तिला पाठ होता, त्यानेच पाठ करून घेतला होता. मूल तयार झालं की मदत काढायची. उशीर झाला तर ते मदतीवाचून हलत नाही.

"मग काढली का नाहीत बोटं?" त्याने कुंदाबाईला विचारलं.

"मी बी म्हणू, काढा. मॅडम म्हणेत, आज ऱ्हाऊ द्या, देखा कसा हासस तो."

त्याने कोपराखाली दोन बोटं लावली. "खा बेटा."

बादलने त्या बोटांकडे पाहिलं. मग दुसऱ्या हाताने रुपचंदचा हात उचलला आणि त्याच्याच मांडीवर नीट नेऊन ठेवला. रुपचंदने पुन्हा लावला. त्याने पुन्हा नेऊन ठेवला. चार वेळा.

"तुमना हात इंजिनना शे, भाऊ," कुंदाबाई हसली. मग विचारलं, "नवी मॅडम कव्हय येई? आमनी मजुरीनी टोळी परवा जाई."

सुनिताची कागदपत्रं द्यायला तो कचेरीत गेला होता. साहेबांनी चहा पाजला, हळहळले, आणि जागा आता भरणार नाही म्हणाले. येईल कुणीतरी, असं सांगणं सोपं होतं. टोळीबरोबर गेली असती बिचारी, आणि पोरगा उपाशी बसला असता.

"कोणी येणार नाही, ताई."

कुंदाबाईने मान हलवली. आत जाऊन हात धुऊन आली, ताट ओढलं, भाकरी डाळीत कुस्करली आणि बादलच्या तोंडात घास दिला. त्याने मुकाट्याने खाल्ला. दुसरा दिला.

प्रत्येक घासाला बादलचा उजवा हात ताटापर्यंत येत होता. तिथे कोपर थोडं बाहेर काढून तो थांबत होता. आई घास भरवायची, तोंड हलायचं, आणि हात तसाच थांबलेला असायचा.