पंख्यांना हळदकुंकू

दसऱ्याची सुट्टी संपवून मी कारखान्यात आले, जाळीच्या खोलीचं कुलूप उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. आतल्या एकूण एक पंख्यावर हळदकुंकू होतं, वर अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या.

पंखे तळहाताएवढे, कॉम्प्युटरमधले. बाजारात कुणालाही मिळतात. विमानात सीटमागच्या स्क्रीन थंड ठेवायला आमच्या गिऱ्हाइकाला तेच हवे होते. पण बाजारातला माल तसाच विमानात जात नाही. लॉटमधले काही पंखे निवडून आम्ही तापवतो, गोठवतो, हादरवतो. ते टिकले तर उरलेल्या सगळ्यांची हमी मी माझ्या सहीनं देते. मग लॉट कुलपाआड जातो आणि त्याला कुणी बोट लावायचं नाही. पावणे एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कंपनीचं विमानाचं हे पहिलंच काम. हे हातचं गेलं तर दुसरं कोण देणार होतं?

"कुलूप कुणी उघडलं?" मी ओरडलेच.

"मीच," आमचे मालक रूपेशशेठ म्हणाले. "खंडेनवमीला आई बोनकोड्याहून पूजेला आली. बोलली, मशिनींना लावलं, या बारक्या पंख्यांनी काय घोडं मारलंय? आईला नाय कसं बोलनार, मॅडम? टेन्शन नका घेऊ. ब्लोअर मारा, सही करा. दुपारी गाडी येतेय."

"ब्लोअरनं हळद निघत नाही, शेठ. बेअरिंगमध्ये आणखी आत जाते."

त्यांना पटेना. हट्टानं त्यांनी एक पंखा हादऱ्याच्या टेबलावर चढवला. दुपारपर्यंत तो मजेत गुणगुणत राहिला, एकदाही अडखळला नाही. करून टाकावी सही, असं माझ्याही मनात आलं. खोटं कशाला बोलू?

"झाला ना पास?"

"हा झाला. बाकीच्यांचं काय?"

"अहो, हळद एकच हाय ना सगळ्यांना!"

मी थेट त्यांच्या आईंना, यशोदाबाईंना फोन करून बोलावलं. "तिला यात ओढू नका, वाईट वाटेल," शेठ म्हणत राहिले. मला काय कमी वाईट वाटत होतं? पण मी साताऱ्याकडची, एकदा धरलं की सोडत नाही.

रिक्षातून उतरून त्या पदर सावरत आत आल्या.

"आई, प्रत्येक पंख्याला किती हळद लावलीत?"

"किती म्हंजे? चिमटीत येल तवरी. कुनाला जास्त, कुनाला कमी. हळद काय कोन मोजून लावतं?"

शेठ खाली बघू लागले. एका पंख्यावरून बाकीच्यांची हमी द्यायची, तर सगळे सारखे हवेत. इथं एकासारखा दुसरा उरला नव्हता. मी आईंना तसं स्पष्ट सांगितलं.

त्या जाळीपाशी जाऊन पंख्यांकडे बघू लागल्या. डोळे भरून आले होते.

"वर मानसं बसलेली असतान ना?"

"हो."

"मग रूपेश, हिच्याशी काय वाद घालतंस? फोन कर त्यांना."

शेठनी गिऱ्हाइकाला फोन केला आणि जे घडलं ते सांगितलं. पलीकडच्यांनी त्यांना फैलावर घेतलं आणि दिवाळीच्या पाडव्यापर्यंत मुदत दिली. माल वेळेत नाही आला तर काम दुसऱ्याला. आम्ही नवा लॉट आणला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. त्या गडबडीत मी घरी फराळाची एक चकलीही तळली नाही, सासूबाई आजही टोमणे मारतात. पंखे टिकले. मी सही केली, कुलूप घातलं आणि या वेळी किल्ली शेठकडे न देता स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

माल न्यायला गाडी पाडव्याला येणार होती. लक्ष्मीपूजनाला आई ताट घेऊन आल्या, मशिनींना हळदकुंकू लावत जाळीपाशी थांबल्या.

"उघडतंस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. 

"नाही, आई."

त्यांनी मान हलवली. अंगठा हळदीत बुडवला, कुंकवात टेकवला आणि बाहेरून त्या कुलपावर ठसठशीत टिळा लावला.

"आता माझा पोर जरी बोलला," त्या म्हणाल्या, "तरी उघडू नको."