पुतळीच्या मापट्याची मोजणी

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी मापटं आहे. मला काचेच्या कपाटात ठेवायचा कुणाचा विचार असेल तर तो सोडून द्या. माझं काम संपलेलं नाही.

रामनगरात हमरस्त्याला लागून राहणाऱ्या येसूने फणसाचा बुंधा कोरून मला घडवलं. काठ झिजून माप खोटं होऊ नये म्हणून वर लोखंडी पट्टी ठोकली. कितीतरी वर्षं खळ्यावरचं भात माझ्यानेच मोजलं गेलं. पहिलं मापटं देवाचं. ते बाजूला ठेवायचं, मोजणीत धरायचं नाही. येसूने मोजलेलं भात कुणी घरी नेऊन पुन्हा मोजत नसे.

मग विजेचा काटा आला आणि माझ्यात गंजके खिळे पडले.

तोवर गाव वाढलं. रस्त्यापलीकडे हायस्कूल झालं, दवाखाना झाला. आणि एक दिवस रस्ता रुंद करायचा नकाशा आला. चार पदर, मध्ये उंच दुभाजक, ओलांडायची जागा किलोमीटरभर लांब. येसूची सून पुतळी रस्त्याकडेला कंद विकते. तिची मुलगी शिल्पा सायकलने हायस्कूलला जाते. पुतळीने घरी सरळ सांगितलं, की ट्रकांना घासत एवढं लांब जायचं असेल तर सायकल बंद आणि शाळाही बंद.

शिल्पा आईला घेऊन पंचायतीत गेली. नकाशा दाखवायला आलेले इंजिनिअर महाबळेश्वर यांना तिने विचारलं, की चालणाऱ्यांची जागा कुठे आहे. त्यांनी मोजणीचा कागद पुढे केला. ट्रक, बस, मोटार, दुचाकी. चालणाऱ्यांचा रकानाच नव्हता.

"सायेब, पायानं चालणारं माणूस माणसात धरत न्हाई व्हय?" पुतळीने विचारलं.

ते म्हणाले, आकडा आणा, मग बघू.

त्याच संध्याकाळी माझ्यातले खिळे बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते संध्याकाळी सात, चालत किंवा सायकलने रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येकामागे एक चिंचोका माझ्यात पडत होता. काठोकाठ भरलं की पुतळी मला पोत्यात रिकामं करी. शेजारची तारा म्हणाली, "मी तीनदा गेले, तीन टाक. नवरा मोटारसायकलवर हाय, त्याला धरू नगो."

दिवसअखेर पुतळीने चार मापटी सांगितली. शिल्पाने एक मापटं भरून चिंचोके मोजले. तीनशे नव्वद. म्हणजे चार मापट्यांचे एक हजार पाचशे साठ.

इंजिनिअरांना पटलं नाही. वाहतूक अशी लाकडाच्या भांड्याने मोजतात का, बाईंनी वाढवून सांगितलं असणार, असं ते म्हणाले. मित्रांनो, माझी लाकडाची भिंत तापली. माझ्या मापाला आजवर कुणी खोटं म्हटलेलं नव्हतं. पुतळीने मला त्यांच्यापुढे सरकवलं.

"उद्या तुमी बसा. चिंचोके माझे, डोळे तुमचे."

ते बसले, आणि जेवायलाही उठले नाहीत. संध्याकाळी मापटी भरली पाच.

"अक्का, तुमचं एक कमी कसं?" त्यांनी विचारलं.

पुतळी गोंधळली. मग तिने कपाळाला हात लावला. "पयलं देवाचं न्हवं का? ते मी पिंपळाखाली ठिवलंय."

शिल्पा धावत जाऊन तो ढीग ओच्यात घेऊन आली. मोजले तर तीनशे अठ्ठ्याऐंशी निघाले. इंजिनिअर हसले नाहीत. त्यांनी पट्टी मागवली, कागदावर एक उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'चालणारे व सायकलवाले'.

नव्या नकाशात गाड्यांना दोनच पदर आहेत. दोन्ही कडांना पायवाट आणि सायकलींची वेगळी पट्टी आहे. शाळेसमोर ओलांडायची जागा आहे. पण हे सगळं अजून कागदावरच आहे. वेग कमी होईल, अशी गाडीवाल्यांची तक्रार आहे. होऊ दे. इथे माणसं राहतात.

म्हणून मी अजून रस्त्याकडेलाच आहे. दर सोमवारी मोजणी होते आणि आकडा पंचायतीत जातो. मित्रांनो, जुन्या वस्तू नुसत्या पुसून ठेवू नका. त्यांना कामाला लावा. आणि तुम्हाला कुणी मोजत नसेल तर स्वतः मोजायला बसा. शिल्पाची सायकल त्या पट्टीवरून जाईपर्यंत मला इथून कुणी हलवू नये.

आता पुतळी पहिलं मापटंही मोजणीत धरते. ताराने एकदा विचारलं, देवाचं कसं गं धरतेस? पुतळीने हातातला चिंचोका माझ्यात टाकला.

"देव काय गाडीनं येतो व्हय?"