कारखान्याचं तांब्याचं तोंड

सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई लागली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला असा भाव आला, की माणसं पार चळली. कोणी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली, कोणी घोडा घेतला आणि बसायची भीती वाटते म्हणून नुसता दारात बांधून ठेवला. खुशालरावांनी मात्र अमरावतीत, दर्यापूरच्या रस्त्यावर, कापूस दाबून गाठी बांधायचा कारखाना काढला. तोही वर्षभरात अपुरा पडला, म्हणून शेजारी दुप्पट वाढवला. वाढवलेल्या इमारतीचं तोंड पश्चिमेला, रस्त्याकडे आलं. तिथं नुसती भिंत नको म्हणाले.

"नत्थुजी," त्यांनी गावच्या तांबटाला बोलावून सांगितलं, "तांब्यानं मढवा. नाल्यापासून दिसलं पायजे. खुशालरावाचा कारखाना कोन्ता, हे गाडीवाल्यानं इचारलंच नाई पायजे."

नत्थुजी साठीला टेकलेले. उभा जन्म हंडे, गुंड, घंगाळं ठोकण्यात गेलेला. आता भांडं कितीही देखणं करा, लोक विचारतात, हंडा केवढ्याला आणला? कोणी ठोकला हे कधी कोणी विचारतं का? नाव नाही घेत मेले! आपल्या हातचं एक तरी काम उघड्यावर उभं राहावं, येणाऱ्याजाणाऱ्यानं ते पाहावं आणि करणाऱ्याची चौकशी करावी, एवढीच त्यांची हौस होती. ती त्यांनी बायकोशिवाय, पार्बताबाईंशिवाय, कोणाला सांगितली नव्हती.

अंगणात राख पसरून ते बोटानं आराखडा काढायला बसले. मोर काढला, पुसला. वेलबुट्टी काढली, तीही पुसली. असले मोर काय, कोणाच्याही दारावर असतात. तिसऱ्या दिवशी शेतातून कापसाच्या पऱ्हाटीची एक फांदी तोडून आणली, समोर ठेवली आणि मग हात थांबला नाही. पत्र्यावर बोंडंच बोंडं उठवायची ठरली. कुठं मिटलेलं, कुठं अर्धं उकललेलं, कुठं कापूस पार खाली लोंबलेला. तीनशे बोंडं ठोकायला चार महिने लागले, आणि एकासारखं दुसरं नव्हतं.

आणि मग त्यांनी ती चूक केली. चूक तरी कशी म्हणावी, तांबटाचा धर्मच तो. काम संपलं, की चिंच आणि राख लावून असं घासायचं, की बघणाऱ्याला आपलं तोंड दिसावं. न घासलेलं भांडं दाराबाहेर गेलं तर सात पिढ्यांची अब्रू जाते. नत्थुजींनी सगळे पत्रे घासून घासून लखलखीत केले आणि भिंतीवर चढवले.

बाजाराचा दिवस उजाडला. दुपार कलली, ऊन सरळ भिंतीवर आलं. नाल्यापलीकडे कापसाच्या पन्नासेक गाड्या रांगेनं येत होत्या. पुढची गाडी दर्यापूरकडच्या पंजाबरावांची. त्यांचे बैल एकदम थबकले, फुरफुरले. पंजाबरावांनी मान वर केली, तर समोर सगळं लालभडक पेटलेलं!

"आग! अरे कारखाना जळून राहिला! फिरवा गाड्या!"

गाडीत कापूस असलेला माणूस सापाला भिणार नाही, पण ठिणगीला भितो. सगळी रांग उलटी फिरली. एक गाडी नाल्यात कलंडली. कारखान्यातली माणसं "आग नाई, तांबं हाये!" असं ओरडत धावली, तोवर सगळा कापूस गावाच्या दुसऱ्या अंगाच्या कारखान्यात गेला होता.

खुशालराव ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "पुढच्या बाजाराच्या आत उतरवा, नत्थुजी. हंडे करा त्याचे."

घरी आल्यावर नत्थुजींनी ताटाला हात लावला नाही. पार्बताबाईंनी ताट झाकून ठेवलं.

"अवो, चुलीवरच्या गुंडाले पाहून कोन्ता बैल बुजते?"

"म्हंजे काळं फासू? तांबटानं आपल्या कामाले काळं फासाचं?"

"नका फासू. हंडे ठोका. ते बी चुलीवर काळेच होनार हायेत."

नत्थुजी रात्रभर धुसफुसले. दुसऱ्या दिवशी सकाळीच खुशालरावांकडे गेले. "मालक, हंडे करतो. पन आधी त्याची चमक मारून हा एक बाजार पाहू द्या. एक जरी बैल बुजला, तर मीच उतरवतो."

खुशालरावांनी मान हलवली. नत्थुजींनी पत्रे उतरवून अंगणात आणले. आधी बोंडांतल्या तेवढ्या कापसाला कल्हई चढवली, पांढरीशुभ्र. मग बाकीच्या तांब्यावर फासायला जवसाच्या तेलात काजळी कालवली. पण काजळीनं भरलेला हात काही केल्या पत्र्याकडे जाईना. पोटच्या पोराच्या तोंडाला काळं फासावं, तसं वाटलं त्यांना. रडू आलं. पार्बताबाई समोर बसल्या होत्या, पण समजूत घालायला गेल्या नाहीत. त्यांनी बाजूचा पत्रा ओढला आणि फासायला लागल्या. मग नत्थुजीही रडत रडत फासू लागले.

बाजाराच्या आदल्या दिवशी पत्रे पुन्हा भिंतीवर चढले आणि बाजाराच्या दुपारी नत्थुजी नाल्यापाशी जाऊन उभे राहिले. पंजाबरावांचीच गाडी पुढं होती. बैल नाल्यात उतरले, वर चढले आणि मान हलवत चालू लागले. ते थांबले नाहीत. थांबवलं ते पंजाबरावांनी, कासरा ओढून.

ते बघतच राहिले. नत्थुजींना राहवलं नाही.

"काय दिसते, दादा?"

"काय दिसते म्हंजे? वावर हाये ना! काळं रान, अन् येचाले आलेला कापूस." पंजाबरावांनी बोट दाखवलं. "त्या कोपऱ्यातलं बोंड पाहा, सांजेपर्यंत येचलं नाई तर गळून पडते. कोनं केलं हो हे?"

साठ वर्षांत हा प्रश्न नत्थुजींच्या कानावर पहिल्यांदाच पडला होता.

"म्या," ते म्हणाले. "म्या केलं."

पंजाबरावांनी त्यांच्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं. मग कासरा जुवाला गुंडाळला, गाडीतून खाली उतरले आणि हात जोडून रामराम केला. मागच्या गाड्या खोळंबल्या, माणसं ओरडायला लागली, तरी ते उभेच होते.