पाळण्याचा कौल

कुर्र... कुर्र...

भर दुपारी घर चिडीचूप असताना हा आवाज ऐकलात ना? दचकू नका, मित्रांनो. तो माझ्या कडीचा आवाज. मी एक जुना पाळणा आहे. वारा नसतो, दोरीला कोणाचा हात नसतो, तरी माझी कडी अधूनमधून कुरकुरते. स्वस्थ राहणं मला जमतच नाही. का जमत नाही, ते आज सांगून टाकतो.

आपलं वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडलेलं होतं, त्या दिवसांत माझा जन्म झाला. शेगावच्या इंद्रभान सुतारानं मला सागाच्या लाकडातून घडवलं. चारी खुरांना लाल-हिरवी लाख चढवली, दोन टोकांना दोन पोपट बसवले. रुखमाबाई नावाची एक पोरसवदा लेक माहेरी बाळंतपणाला आली होती. तिच्या वडिलांनी सुताराला माझ्याबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं. पण त्यांनी एकच बाळ धरलं होतं, आणि झाल्या दोन! वच्छला आधी आली, गुटगुटीत. मागून शालू आली, मुठीएवढी.

दीड महिन्यानं दोन लेकी आणि एक पाळणा घेऊन रुखमाबाई नांदुऱ्याजवळच्या सासरी आली. तिथं आढ्याला कडी एकच. सासूबाई सोजराबाईंनी मान वर करून कडी पाहिली, मग मला पाहिलं, आणि जुनं लुगडं फाडून माझ्या चौकटीखाली एक झोळी बांधून दिली.

"वर एक, खाली एक. दोरी एकच. हाताले काम कमी," त्या म्हणाल्या.

वच्छला माझ्यात, शालू झोळीत. मित्रांनो, माझ्या पोटाला आणखी एक पाळणा लटकला तेव्हाच माझी स्वस्थता गेली. रुखमाबाई दोरी वीतभर ओढायची तेव्हा सगळं ठीक असायचं. मी हलायचो, झोळी हलायची. कधी मी हळूहळू थांबायचो आणि माझा झोका झोळीच घ्यायची, मग थोड्या वेळानं मला परत करायची. जणू दोघी बहिणी एक खेळणं आलटून पालटून खेळत होत्या.

पण एकदा रुखमाबाईचे यजमान वामनराव सरकी काढायच्या जिनातून कापूस मोजून आले आणि लाडात येऊन त्यांनी मला हातभर ओढून सोडलं. मग काय झालं ते मलाच कळेना. मी इकडं तर झोळी तिकडं. मी परतायला जावं तर तिनं मला हिसडा द्यावा. ती उसळली, गिरकली, अडखळली, पुन्हा उसळली. सोजराबाई धावत आल्या.

"बे वामन्या, लेकराले झोका देऊन राह्यला का गोफण फिरवून राह्यला?"

शालू मात्र झोळीत डोळे मिटून पडली होती. तिला रडायलाही जोर नव्हता. रुखमाबाईला दोघींपुरतं दूध येत नव्हतं, आणि ते दिवसेंदिवस उघड दिसायला लागलं होतं.

वडनेर भोलजीला वामनरावांचे थोरले भाऊ शालिग्राम आणि त्यांच्या पत्नी कौशल्याबाई राहत. त्यांना मूल नव्हतं. दारात दुभती शेळी होती. एक लेक त्यांच्या ओटीत घालायची असं घरात ठरलं. रुखमाबाईनं पदर तोंडाला लावला, पण ती नाही म्हणाली नाही. दोघींना उपाशी कशी ठेवणार होती?

कोणती द्यायची, हे मात्र कोणी बोलेना. वामनराव तर उठून बैलांकडेच गेले. शेवटी सोजराबाई म्हणाल्या, "माह्या तोंडून नाव निघत नाई. पाळण्यालेच कौल लावू."

त्यांनी रीत सांगितली. पोरी मांडीवर घ्यायच्या. त्यांच्या जागी माझ्यात आणि झोळीत जवारीची दोन गाठोडी ठेवायची. एक पितळी लोटा देवघराकडं, एक दाराकडं. मला हातभर ओढून सोडायचं. उसळता उसळता झोळी देवघराकडचा लोटा आधी पाडेल तर वच्छला जाईल. दाराकडचा पाडेल तर शालू.

"अन् दोरी रुखमा ओढन," त्या म्हणाल्या. "तिचीच लेकरं हायेत."

कौलाला चार दिवस होते. कापूसवेचणीचे दिवस, दुपारी घरात रुखमाबाई आणि दोन तान्ह्या लेकी. पहिल्याच दुपारी पोरींना गोधडीवर निजवून तिनं दार लोटलं, गाठोडी आणि लोटे मांडले. विळ्यानं खांबावर एक बारीक खाच पाडली. माझी कड खाचेला भिडेपर्यंत मला ओढलं आणि सोडलं.

तिच्या मनातलं मला तेव्हाच कळलं, मित्रांनो. वच्छला शेळीच्या दुधावरही तगली असती. शालू तगेल याचा तिला भरवसा नव्हता. तिला देवघराकडचाच लोटा पाडायचा होता.

पडला! पुन्हा ओढलं, पुन्हा तोच पडला. सहा वेळा तोच. तिच्या तोंडावर जरा तरतरी आली. सातव्या वेळी दाराकडचा लोटा खणकन् पालथा झाला.

"तीच खाच, तोच हात," ती पुटपुटली. "मग काऊन?"

मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं. बाई, पहिले चार झोके दर वेळी अगदी सारखे होतात. पाचव्याला केसाएवढा फरक पडतो. तो केसाचा फरक झोळी सुतळीएवढा करते, सुतळीचा दोरखंड करते, आणि नवव्या-दहाव्या झोक्याला कोणाचं कोणाला ठाऊक नसतं. वीतभर ओढलंस तर मी तुझा आहे. हातभर ओढलंस तर मी माझाही नाही.

पण ती ओढतच राहिली. चार दुपारी. हाताला दोरीचे वळ उठले.

कौलाच्या दिवशी शालिग्राम आणि कौशल्याबाई आले. कौशल्याबाईंनी येताना टोपडं शिवून आणलं होतं, पण ते त्या कोणाला दाखवत नव्हत्या. वच्छला सोजराबाईंच्या मांडीवर, शालू वामनरावांच्या. रुखमाबाईनं मला खाचेपाशी नेलं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. तिनं सोडलं.

एक, दोन, तीन, चार. सगळे नेहमीसारखे. मग काय झालं? गाठोड्यातला दाणा सरकला? तिच्या बोटाला घाम होता? दारातून झुळूक आली? मी इतकी वर्षं तेच आठवतो आहे. झोळी देवघराकडं झेपावली, लोट्याला बोटभर अंतर राहिलं, वळली, आणि दाराकडचा लोटा गडगडत ओट्यावर गेला.

रुखमाबाईनं शालूला शेवटचं पाजलं आणि कौशल्याबाईंच्या हातात दिलं.

"बाई, हे डाव्या कुशीवर निजते. अन् झोका... झोका वीतभरच द्याल हो."

"वीतभरच देईन, वं," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनाही रडू आलं.

त्यानंतर कितीतरी दिवस वडनेरहून कोणी आलं की रुखमाबाईचा हात दोरीवरच थिजायचा. पण वाईट बातमी काही आली नाही. शालूनं शेळीचं दूध अंगी लावून घेतलं. पुढं तर तीच दणकट निघाली, आणि इथली वच्छला काटकुळी राहिली. सासूनं, आईनं, कोणीच असं धरलं नव्हतं.

वच्छला पायांवर उभी राहिली आणि माझं काम संपलं. माझ्यात कांदे भरले. एका पोपटाची चोच उंदरांनी नेली. येणारेजाणारे "काय नक्षी हाये!" म्हणायचे आणि कांदा घेऊन जायचे. मित्रांनो, कांद्यांचं मला वाईट वाटलं नाही. जुन्या पाळण्याला पुसून ठेवलंत तर बरंच, न पुसलंत तरी तो रागावत नाही. एक मात्र करा. जे आपल्या तोंडानं सांगायचं असतं ते आमच्या दोरीला बांधू नका. आम्ही लाकडं. कोणता तरी एक लोटा आम्ही पाडतोच, आणि मग जन्मभर कुरकुरत राहतो.

कौलानंतर सात वर्षांनी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, शालू वडनेरहून आली. दोघींनी कांदे ओतून मला रिकामं केलं, खाली फडक्याची झोळी बांधली आणि दोन बाहुल्या घातल्या. ओढता ओढता वच्छलाच्या बोटाला खांबावरची खाच लागली.

"आजी, हे खाच कायची वं?"

सोजराबाई आता थकल्या होत्या. त्यांनी कौलाची सगळी गोष्ट सांगितली. दोन लोटे, दोन गाठोडी, कोणता लोटा कोणाचा, सगळी. शालू हसून म्हणाली, "म्हंजे मले झोळीनं देल्लं!" आणि काकूला, म्हणजे रुखमाबाईला, जाऊन बिलगली.

"अन् खाच?" वच्छलानं विचारलं.

"ते तुह्या मायनं पाडली. मले काय दिसली नाई? चार दिवस लोटे पडाचे आवाज शेजारीण सांगे. तरी दोरी तिच्याच हाती राहू देल्ली म्या."

रुखमाबाई निवडत होती ती डाळ तशीच सुपात राहिली. शालू तिच्या कुशीत होती. वच्छलाच्या एका हातात माझी दोरी होती, दुसऱ्या हाताचं बोट खाचेवर. तिनं मला थांबवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी कडीसुद्धा वाजली नाही.

"माय," ती म्हणाली, "तू कोणता लोटा पाडाले शिकून राह्यली होती?"