धुराड्याचा बुक्का

झरीच्या मारुतीपुढं सप्ताहाचं कीर्तन उभं राहिलं, पखवाज घुमायला लागला, तरी आप्पारावांचा पाय एका जागी ठरेना. हातात बुक्क्याचं ताट, खिशात मोबाईल. अर्धा जीव अभंगात, अर्धा खिशात.

बुक्का घरचाच. नागरमोथा, कापूरकाचरी, चंदन त्यांच्या बायको केशरबाई कुटायच्या. काळेपणा यावा म्हणून आप्पाराव गुऱ्हाळाच्या धुराड्यातली काजळी खरवडून आणायचे. कोळशापेक्षा मऊ, कपाळावर कशी उठून दिसायची! त्या भट्टीत चिपाडासंगं जुने टायरही जळतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण विठ्ठलाच्या नावानं कुटलं की सगळं पवित्र, असा त्यांचा भोळा भाव.

लेक ज्ञानेश्वरी हैदराबादला प्रयोगशाळेत. कोणत्या रसायनानं कॅन्सर होऊ शकतो, ते तपासायचं तिचं काम. मागल्या खेपेला तिनं टायरचं ऐकलं आणि चिमूटभर बुक्का पुडीत बांधून नेला. "आप्पा, माझा फोन येईस्तोवर कुणाच्या कपाळाला लावू नका," असं बजावून गेली. फोन आज यायचा होता. अजून आला नव्हता.

"आप्पाराव, ताट मिरवायलाव का वाटायलाव?" टाळकरी परमेश्वरनं डिवचलं. "का आमची कपाळं आज कोरडीच?"

मंडळी हसली. आप्पाराव ओशाळले. भरल्या कीर्तनात कोरडं कपाळ त्यांनाच बघवेना. बोट ताटात बुडालं. पुरुषांना त्यांनी लावला, बायकांना केशरबाईंनी.

ताट रिकामं व्हायला आलं आणि खिसा थरथरला. ते देवळामागं धावले.

"आप्पा, ठिपके उठले."

"म्हंजी?"

"ताटलीत आमी लुळे जंतू ठेवतो, एरवी ते वाढत न्हाईत. तुमच्या बुक्क्यानं त्यांची आतली घडणच बदलली, लय वाढले, त्यांचेच हे ठिपके. असं घडण बदलणारं माणसात कॅन्सर करू शकतं."

"करतंच?"

"एवढ्यावरून करतंच असं म्हणता येत न्हाई. अजून तपासण्या हायेत. पण आईला त्यात हात घालू देऊ नका. लावला न्हाई ना कुणाला?"

आप्पारावांनी फोन खिशात घातला.

ते परतले, उपरणं पाण्यात बुडवून आधी स्वतःचं कपाळ घासलं आणि हात जोडले. "माउली, कीर्तन मोडतो, माफी असावी. ह्या बुक्क्यात टायरची काजळी हाय. मीच आणायचो. लेकीनं तपासला, चांगला न्हाई निघाला. पुसून टाका समदे."

पखवाज थांबला. परमेश्वरचा हात कपाळाकडं गेला. बायकांतून सुमनबाई कडाडल्या, "सवाष्णींना कपाळ पुसायला लावता व्हय, आप्पाराव? भरल्या सप्ताहात?"

तेव्हा केशरबाई उठल्या, पदर तांब्यात भिजवला. "कुकवाला धक्का लावू नका गं. खालचं काळं तेवढं काढा." आणि पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं पुसलं.

हळूहळू सगळी कपाळं पुसून निघाली. महाराजांनी अभंग पुन्हा उचलला. आप्पारावांचं लक्ष मात्र केशरबाईंच्या बोटांवर होतं. वर्षानुवर्षं कुटून रेघारेघांत काळं मुरलेलं. सगळ्यांदेखत त्यांनी बायकोचा हात ओढून घेतला आणि तांब्यातलं पाणी ओतून चोळायला लागले.

"अहो, लोक बघायलेत."

"बघू दे," आप्पाराव म्हणाले. पाणी संपलं. काळं निघालं नव्हतं. ते दुसरा तांब्या आणायला उठले.