दिसणारा रफू

चष्मेवाली मुलगी नाट्यगृहाच्या फरशीवर पसरलेल्या पडद्यावर पालथी पडून, हातात भिंग घेऊन, एक भोक शोधत होती. काल सकाळी ते तिथे होतं. मूठ आरपार जाईल एवढं होतं. आज ते सापडत नव्हतं. बाजूला स्टुलावर रफूवाली मावशी चहा पीत बसली होती आणि मुलीची ती धडपड बघताना तिला चहा नेहमीपेक्षा गोड लागत होता.

"मावशी, सांगा ना कुठे आहे."

"मला तरी काय माहीत?" मावशी म्हणाली. "काम संपलं की मी विसरते."

मुलगी उठून बसली. चष्मा काढून तिने डोळे चोळले आणि मग, वाईट वाटल्यासारखा चेहरा करून, काम अप्रतिम झालंय असं सांगितलं. "पण असं नको होतं," ती म्हणाली.

तसं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. हे नाट्यगृह कित्येक वर्षं बंद होतं. मध्यंतरी त्यात कुणीतरी पोती साठवली, मग कुणीच काही साठवलं नाही. आता त्याचं कलाकेंद्र होत होतं. जुनं सभागृह दुरुस्त करायचं, मागे तालमीच्या खोल्या आणि चित्रांसाठी दालनं असलेली नवी इमारत जोडायची. सगळीकडे नियम एकच होता : जुनं ते जुनं दिसलं पाहिजे आणि आपण केलेलं ते आपण केलेलं दिसलं पाहिजे. लांबून डोळ्यांना खुपू नये, पण जवळ जाऊन पाहणाऱ्याला फसवू नये. या मुलीने जुन्या वस्तू सांभाळण्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं आणि पडदा तिच्या ताब्यात होता. हिरव्या लोकरीचा, कडेला पानांची वेल विणलेला, उंदरांनी आणि ओलीने खाल्लेला. फाटलं असेल तिथे तिने लाल धाग्याची खूण घातली होती आणि मावशीला एक छटा फिकट धागा दिला होता.

मावशीने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं. तिने पडद्याच्या आत दुमडलेल्या काठातूनच धागे उसवून घेतले, त्याच कापडाचे, त्याच रंगाचे, आणि एकाखालून एकावरून असे विणत भोक बुजवलं. शेवटी लाल खूणही उपटून टाकली. सासूने शिकवलेलं तेच. काम झालं की खूण ठेवायची नाही. सासू म्हणायची, रफू दिसला की रफूवाली मेली.

आणि हा रफू न दिसणं तिच्यासाठी फार गरजेचं होतं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून बाजारात कुजबुज सुरू झाली होती. शेजारच्या शिंप्याने कोट पाठवणं बंद केलं. विचारलं तर मायेने म्हणाला, आता जरा आराम करा. आराम कशाला म्हणतात ते मावशीला चांगलं कळत होतं. हा पडदा गावभर दिसणार होता. त्यावर सगळ्यांना तिचे टाके मोजता आले, तर उरलेलं नाकही कापलं जाणार होतं. घरी सून तेवढी थट्टा करायची. "आई, तुमचं काम उलटंच आहे. वाईट झालं तर सगळ्यांना दिसतं, चांगलं झालं तर कुणालाच नाही." सुनेच्या जिभेला हाड नव्हतं, पण बोलायची ते खोटं नसायचं.

"मग आता उसवू का?" मावशीने विचारलं.

मुलगी घाईने नाही म्हणाली. उसवताना कापड आणखी दुखावेल. निदान खूण तरी परत घालू, फोटोत बघून जागा शोधते, असं ती म्हणतेय तोवर तिला नव्या इमारतीत कुणीतरी बोलावलं आणि ती गेली.

ती गेली आणि पडदे टांगणारा फोरमन आपली माणसं घेऊन आला. दुपारी कप्पी मोकळी होती, पडद्याचा वरचा निम्मा भाग तरी उचलून वजन बघायचं होतं. फोरमन जुना माणूस, सावध. पडद्याच्या वरच्या कडेला लोखंडी चाप लावण्याआधी त्याने मावशीला विचारलं, लाल धागा असेल तिथे चाप लावायचा नाही, बरोबर ना? मावशी बरोबर म्हणाली. "आणि ही वरची कड? इथे खूण नाही."

बुजवलेलं भोक तिथेच होतं. मावशीच्या मनात अजून मघाचं बोलणं खदखदत होतं. तिच्या हाताखालून गेलेला कोट कधी परत फाटून आला नव्हता.

"ठीक आहे," ती म्हणाली. "लावा."

पडदा हळूहळू उठला. छाती फुगवावी तसा फुगला, डोक्याएवढा उंच झाला, आणि मग वरच्या कडेपाशी कोरडी भाकरी मोडावी तसा आवाज आला. फोरमनने हात वर केला. माणसांनी पडदा अलगद खाली घेतला. फाट आता हातभर लांब होती.

फोरमन रागावला नाही. तो फक्त म्हणाला, "तुम्ही ठीक म्हणालात म्हणून लावला, बाई." त्याच्या माणसांतलं कुणीतरी दुसऱ्याला हळूच म्हणालं, वय झालं की असंच. हळू बोललेलं त्या रिकाम्या सभागृहात चांगलं ऐकू येत होतं.

मावशीने सुया डबीत घातल्या, कात्री रुमालात गुंडाळली आणि ती निघाली. बाहेरचा रस्ता कुठून ते तिला त्या गडबडीत सुचेना. ती मागच्या बाजूला गेली आणि जुनी इमारत संपून नवी जिथे सुरू होत होती तिथे येऊन थांबली. एका अंगाला जुनी दगडी भिंत, दुसऱ्या अंगाला नवी विटांची, आणि दोन्हींच्या मधे खालपासून वरपर्यंत काचेची अरुंद पट्टी. तिच्यातून उजेड फरशीवर पडला होता. एक गवंडी काचेच्या कडेला मऊ काळी पट्टी दाबून बसवत होता.

काहीतरी बोलायचं म्हणून मावशीने विचारलं, विटा संपल्या का? एवढी फट कशाला ठेवली?

गवंड्याला हा प्रश्न बहुधा सवयीचा होता. "नवी भिंत अजून खाली बसतेय, मावशी," तो म्हणाला. "नवी आहे ना. केसभर बसेल, पण बसेल. घट्ट चिकटवली असती तर जाताना जुनीला घेऊन गेली असती. जुनी आता ताण सोसत नाही."

"म्हणजे नवी मजबूत म्हणून जुनी फुटते?"

"तसंच. नवीला काही होत नाही."

मावशीने जुन्या दगडी भिंतीवर तळवा ठेवला. तिच्याकडे येणारे कोट वापरातले असायचे. कापड दमलेलं नसायचं. हा पडदा किती जुना आहे हे तिने ऐकलं होतं, पण बोटांनी तो इतर कापडांसारखाच धरला होता.

चष्मेवाली धापा टाकत तिला शोधत आली. तिच्या हातात भिंग तसंच होतं. मावशी काही बोलायच्या आत ती सांगू लागली की चूक तिचीही आहे. नियम सांगितला, तो का आहे ते सांगितलंच नाही. आणि खूण नाही हे कळूनही ती जागा तशीच टाकून गेली.

"रफू सुटला का?" मावशीने मधेच विचारलं.

"नाही. एक धागाही नाही. त्याच्या कडेकडेने कापड फाटलंय."

मावशीने मान हलवली. हाताचं कसब गेलं नव्हतं. पण त्याचा आनंद करावा असंही काही हाती राहिलं नव्हतं.

"तुझा तो फिका धागा आण," ती म्हणाली. "आणि मागून लावायला कापड. पातळ, पण रुंद. ताण त्या कापडाने घ्यायचा. जुन्याने नुसतं लटकायचं."

"टाके दिसतील हं, मावशी," मुलगी म्हणाली. तिला बाजारातली कुजबुज माहीत होती. सुनेने चहा आणताना सांगून टाकली होती.

"दिसू देत. पण मग दिसण्यासारखे घालते. लपायचं नाही म्हटल्यावर पोक काढून कशाला उभं राहायचं?"

दिसणारा टाका घालणं न दिसणाऱ्यापेक्षा अवघड निघालं. लपलेल्या टाक्याची चूक कापड पोटात घालतं. उघड्या टाक्याला कुणी आसरा देत नाही. पहिले काही तिने स्वतःच उसवले. मग हाताला लय सापडली. सैलसर, सारख्या अंतराचे, एकमेकांना समांतर टाके ती घालत गेली. टाक्यांच्या रांगा हळूहळू हिरव्या लोकरीवर उमटू लागल्या, शेतातल्या नांगरटीसारख्या. मुलगी शेजारी बसून मागचं कापड धरायची आणि लोकर ओलीने का कुजते, उजेडाने का विरते हे सांगायची. मावशी तिला सुई कशी धरली म्हणजे अंगठा दुखत नाही ते सांगायची. सून म्हणाली, दोघींचं मिळून सुतावरून स्वर्ग गाठणं चाललंय. फोरमनने पुढच्या वेळी चाप लावताना एकदाही काही विचारलं नाही. त्याला सगळं दिसतच होतं.

कलाकेंद्र उघडलं त्या संध्याकाळी मावशी आणि सून मधल्या रांगेत बसल्या होत्या. शिंपी सहकुटुंब मागे होता. आल्या आल्या त्याने लांबून हात जोडले होते. सभागृह भरत होतं, आणि पडदा खाली होता. दिवे लावणाऱ्याला कुणी सांगितलं होतं की त्याला आपणहून सुचलं कोण जाणे, पण एक दिवा त्याने खालून, बाजूने सोडला होता. त्या तिरक्या उजेडात प्रत्येक टाक्याला स्वतःची बारीक सावली होती.

पुढच्या रांगेतला एक माणूस बायकोला बोट करून दाखवत होता, ते टाके बघ, तिथे पडदा फाटलेला असणार. बायको म्हणाली, तिथेच नाही, वरही बघ, केवढा शिवलाय. मग दोघं मान वर करून शोधतच राहिली.  मावशी वाट बघत होती, कुणीतरी हसेल म्हणून.

"कुणीतरी बसून केलंय हे," बायको म्हणाली.

सुनेने कोपर मारलं. मावशीने तिला गप्प बस म्हणून डोळे वटारले, आणि पदराने नाक पुसलं.

दिवे मंद झाले. लोक खोकून घेऊ लागले. मग पडदा जागचा हलला आणि सरळ वर निघाला : पानांची वेल, मधली लांब रांग, खालच्या कोपऱ्यातलं तिचं शेवटचं काम. रंगमंचावर उजेड झाला, तिथे कुणीतरी उभं होतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीही वाजवत होती. पण तिची मान अजून वरच होती, जिथे अंधारात हिरव्याची शेवटची कड दिसेनाशी होत होती.